तोंडाला राजाचा रंग

चहा पुढं करा आधी. कोरड्या घशानं सांगायची गोष्ट नाही ही. मी आयुष्यात गाढवपणे पुष्कळ केलेत हो, पण हा एक असा आहे की अजून कुणी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला की माझे कान गरम होतात. बसा, ऐका. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे हसलात तर मी उठून जाईन.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. दुष्काळी कामावर मोजमापाचा कारकून. आता हे काय काम? तर नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बाया-माणसं खडी फोडायची, ढीग लावायची, आणि मी टेप धरून त्या ढिगांची लांबी, रुंदी, उंची घ्यायची. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. एक ढीग झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. खानावळीत ताटात भात पडला तरी मी डोळ्यांनी त्याची उंची मोजायचो. इतका दमलेलो असायचो की जेवलो की नाही, हे कधीकधी खानावळवाल्या काकूंना विचारावं लागायचं.

आणि ऊन! झाड औषधाला नाही. माझ्याकडं एक छत्री होती, तीही गेली. कशी गेली? एका बाईचं तान्हं पोर तिथंच झोळीत टांगलेलं असायचं. ते दुपारी असं टाहो फोडायचं की माझी मोजणी चुकायची. चार वेळा एकच ढीग मोजला एकदा. शेवटी वैतागून मी छत्री नेऊन त्या झोळीवर बांधली. पोर गप्प! मग काय, दुसऱ्या दिवशी परत बांधली, तिसऱ्या दिवशी परत. आठवड्यानं ती छत्री त्या पोराचीच झाली. दयाबिया काही नव्हती हं त्यात, उगीच मला मोठं करू नका. मला शांतता हवी होती.

पण त्या शांततेपायी माझ्या तोंडाचं पार वांगं झालं. मुळात मी बरा होतो बरं का. आमच्या घरात गोरा म्हणून मीच. चार महिन्यांत भुवयांपासून खाली काळाठिक्कर. नाकाचं कातडं सोललेलं. डोक्यावर कायम पांढरी टोपी, त्यामुळं टोपीखालचं कपाळ तेवढं जुन्या रंगाचं राहिलेलं. टोपी काढून आरशात बघितलं की वर एक माणूस आणि खाली दुसराच.

आता या काळात माझं लग्न जमवायचं चाललं होतं. आईवडील लवकर गेले, मी एकुलता एक, त्यामुळं सगळं बघायचे आमचे मामा. मामा म्हणजे गावाकडचे शेतकरी, आवाज खणखणीत, आणि एका गोष्टीचा भारी अभिमान: नजर. साठी ओलांडली तरी चांदण्यात सुईत दोरा ओवतो म्हणायचे. त्यांनी मला आठ घरं दाखवली. आठ! तेच पोहे, तोच प्रश्न, "पगार किती?" आणि तोच निरोप, "कळवतो." आठव्यांनी तर खरंच कळवलं. म्हणाले, मुलगा सरकारी आहे हे खरं, पण फार म्हणजे फारच काळा आहे हो!

मी हात टेकले. म्हटलं, "मामा, बास. मला आता कुणापुढं जाऊन बसायची ताकद नाही."

मामा म्हणाले, "ह्ये शेवटचं रं दत्त्या. भिंगारची पोरगी हाय. मास्तरीण हाय. आपल्या खडीच्या कामाम्होरं त्या फाट्यावर शाळा हाय न्हाई का, तितं."

माझ्या हातातला टेपच पडला!

कारण ती बाई मला माहीत होती. रोज सकाळच्या एस.टी.नं फाट्यावर उतरायची. खांद्याला पिशवी, हातात डबा. आमच्या कामावरच्या रांजणातलं भांडंभर पाणी प्यायची आणि शाळेकडं चालू पडायची. माझ्या सबंध दिवसात बघण्यासारखं काय होतं, तर ती दोन मिनिटं. तिचं नाव सुशीला आहे हेही मला तेव्हा मामांकडूनच कळलं. तिनं कधी मान वर करून माझ्याकडं बघितलंय असं मला वाटायचं नाही. बघण्यासारखं होतं तरी काय माझ्याकडं!

आता कळलं ना माझा जीव कशात अडकला होता ते? आठ ठिकाणी नकार आला, गेला उडत. पण इथं नकार आला असता तर रोज सकाळी त्या रांजणापाशी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो मी?

तोंडानं! सगळा प्रश्न तोंडाचाच होता.

आमच्या खोलीवर माझ्यासोबत वसंता राहायचा. नोकरी कोर्टात कागदांच्या नकला उतरवायची, पण जीव सगळा नाटकात. हौशी मंडळींच्या नाटकात रंगवायचं काम त्याच्याकडं. रंगाची पत्र्याची पेटी त्याच्या खाटेखाली कायम. मी रविवारी सकाळी त्याच्यापुढं बसलो आणि म्हटलं, "वसंता, हा काळेपणा झाकायचा. फक्त आजच्या दिवस."

त्यानं पेटी उघडली. आत पॅनकेकच्या, म्हणजे तोंडाला थापायच्या नाटकी रंगाच्या डब्या. एक ऋषीचा रंग, एक राजाचा, एक राक्षसाचा.

"राक्षसाची तुला गरज नाही," तो म्हणाला. "आता सांग, तुझा रंग कुठला?"

आता बघा, इथं माझी अक्कल चरायला गेली. मी टोपी काढून कपाळ दाखवलं. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून सदरा वर केला आणि पोट दाखवलं. "हा! हा माझा खरा रंग."

वसंता माझ्या पोटाकडं बघत बसला. "अरे, पण लावायचंय कुठं? पोटाला का तोंडाला?"

"तोंडाला."

"मग तोंडाशी जुळवू दे की. जिथं लावायचं तिथल्या कातडीशी रंग जुळवतात रे. एखादी छटा उजळ, बस्स. हा ऋषीचा घे, मानेत मिसळून जाईल, कुणाला कळणार नाही."

"मला ऋषी व्हायचं नाही, नवरदेव व्हायचंय! पोटाशी जुळव."

"दत्त्या, मी सहा वर्षं रंगवतोय..."

"आणि मी एकोणतीस वर्षं या पोटाबरोबर राहतोय!"

बिचाऱ्यानं सुस्कारा सोडला आणि राजाची डबी उघडली. ओल्या स्पंजानं भुवयांपासून हनुवटीपर्यंत, गळ्याला कॉलरपर्यंत थापलं. सोललेल्या नाकावर दोन थर. आरशात बघितलं आणि काय सांगू, मला गहिवरून आलं हो! चार महिन्यांनी मी मला भेटलो. वसंता मागून म्हणत होता, "लांबून बरं दिसतंय. स्टेजवर चाललं असतं." मी लक्ष दिलं नाही.

मामा स्टँडवर आले, माझ्याकडं बघितलं आणि खूश झाले. "आँ! लई उजाळलास रं! साय लावली का काय?" मी हूं म्हटलं. टांगा केला आणि भिंगार गाठलं.

घर छोटं, नीटनेटकं. सुशीलेचे वडील अण्णा, लष्कराच्या छावणीत भांडारावर होते, रिटायर झालेले. माणूस अगदी अबोल. घरात बोलायचं खातं त्यांच्या बहिणीकडं, म्हणजे सुशीलेच्या आत्याबाईंकडं. मामांनी दारातच जाहीर केलं, "ह्यो आमचा नवरदेव!"

आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी ओसरीवर भरलेला तांब्या आणून ठेवला. "उन्हातून आलात. हातपाय धुवा, तोंडावर पाणी मारा."

त्या दिवसांत भरलेला तांब्या पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे केवढा मान! लोक टँकरमागं पळायचे हो. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि हो म्हणणं म्हणजे माझा राजा गटारात.

"नको नको," मी म्हटलं. "पाण्याचे दिवस कसले आहेत! राहू द्या, कुणाच्या तरी पोटात जाईल."

अण्णांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "किती समजूतदार!" मामा छाती काढून बसले. मी मनातून सुखावलो. आपल्या खोटेपणाचंसुद्धा कौतुक होतंय म्हटल्यावर कुणाला धीर येणार नाही?

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला. कुणीतरी बघितलं. मग आत कुजबूज झाली. आत्याबाईंना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या पदर खोचूनच!

"पाहुणे, एक विचारू का? रागावू नका. पोरगी म्हणते, हे ते नव्हेत."

मामा म्हणाले, "म्हंजी?"

"म्हणजे तिनं ज्यांना होकार दिला ते हे नव्हेत. तिनं त्यांना कामावर रोज बघितलंय. म्हणाली होती, काळे आहेत, उन्हानं पार भाजलेत, पण मला चालतील. आणि हे तर उजळ! खरं सांगा, थोरला लपवून धाकटा दाखवायला आणलाय की नाही? आमच्या नणंदेच्या पोरीच्या वेळी असंच झालं होतं. दाखवला एक आणि बोहल्यावर उभा केला भलताच!"

मामांच्या मिशा थरथरायला लागल्या. मी? माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. "काळे आहेत, पण मला चालतील." अरे देवा! म्हणजे तिनं मान वर करून बघितलं होतं तर! आणि तोच काळा मी घरी ठेवून आलो होतो!

इथं साधी गोष्ट काय होती? हात जोडायचे आणि म्हणायचं, आत्याबाई, मी तोच, चूक झाली, रंग लावलाय. संपलं. पण मंडळी, त्या काळी पुरुषमाणसानं तोंडाला रंग लावून मुलगी बघायला जायचं आणि वर ते कबूल करायचं? माझी जीभच उचलेना. त्यापेक्षा आत्याबाईंनी आयती हातात दिलेली लबाडी मला सोपी वाटली.

"हो," मी म्हटलं. "मी धाकटा."

मामांनी असं बघितलं माझ्याकडं, जशी मला बाधा झालीय.

"थोरल्याला कामावरून सुटी मिळाली नाही," मी दामटून पुढं निघालो. "म्हणून मी आलो. फसवायचं नव्हतं."

"मग दारात हे मामा म्हणाले ते काय? ह्यो आमचा नवरदेव म्हणून?"

आता आली का पंचाईत! मी आवाज खाली आणून म्हटलं, "त्यांना अलीकडं नीट दिसत नाही हो. नजर अधू झालीय."

मामा ताडकन उठले. "कुनाची नजर?"

मी त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. "मामा, बसा. पडाल."

मामा बसले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते बघूनच मी ओळखलं, आता आपली धडगत नाही. म्हणाले, "व्हय बाई. आता निरखून बघितलं. ह्यो धाकटाच हाय."

"धाकटे काय करतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. आयतं खातंय. आन् लई खोटं बोलतंय. थोरला म्हंजी सोनं हाय सोनं! ह्याला ल्हानाचा मोठा करून आमी फसलो बगा."

मी मान खाली घालून बसलो. उकाड्यानं घाम सुटला होता. कॉलर ओली झाली, आणि मी रुमाल लावायचा तर तोही भीत भीत.

मग ती आली. सुशीला. हातात चहाचा ट्रे. मी पहिल्यांदा तिला इतक्या जवळून बघत होतो आणि बघत होतो कुणाच्या नात्यानं, तर स्वतःच्या धाकट्या भावाच्या! तिनं कप माझ्यापुढं धरला. मी घ्यायला हात पुढं केला. ती त्या हाताकडं बघत राहिली. मग माझ्या कानाकडं बघितलं.

हात! कान! वसंत्या, लेका, कान विसरलास की रे!

ती समोर बसली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "थोरले कसे आहेत?"

"बरा आहे," मी म्हटलं. "दमतो फार. आणि काळा आहे हो, खूप काळा. नाक पण सोललंय. तुम्ही नीट विचार करा."

"मी विचार केलाय. नवी छत्री घेतली का त्यांनी?"

"नाही अजून. जुनीच त्या पोराच्या झोळीवरनं सोडवायची होती, पण मी म्हटलं, आता राहू दे त्याला..."

बोललो आणि जीभ चावली. आत्याबाईंना काही कळलं नाही. अण्णांना कळलं असावं, कारण ते खोकले. मामा छताकडं बघायला लागले.

सुशीला उठली. आत गेली. बाहेर आली ती तोच भरलेला तांब्या, खाली घमेलं आणि खांद्यावर पंचा घेऊन. घमेलं माझ्या पायाशी ठेवलं, तांब्या हातात दिला आणि म्हणाली,

"भाऊजी, तुम्ही तोंड धुवा. म्हणजे थोरले येतील."

कुठं जाऊ मी? सांगा ना, कुठं जाऊ? बाहेर टांग्याचा घोडासुद्धा फुरफुरला असं वाटलं मला. धुतलं तोंड. राजा ओघळला, कॉलरवरून घमेल्यात गेला. पंच्यानं पुसून मी वर बघितलं तर आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवलेला.

"अगंबाई! रंग! नाटकातला आहे की काय हा?"

"न्हाई," मामा म्हणाले. "ह्यो थोरला. आत्ता आला. माझी नजर अधू हाय, पर एवडं दिसतंय."

सुशीला माझ्याकडं बघत होती. हसत नव्हती, तेच तर वाईट होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. आठ ठिकाणी नको म्हणाले. मला वाटलं, निदान इथं तरी... मी खरंच दमलोय हो." एवढंच बोललो.

ती तांब्या उचलून आत गेली. अण्णा उठले, त्यांनी घमेल्यातल्या गुलाबी पाण्याकडं नीट बघितलं आणि त्या सबंध बैठकीतलं त्यांचं एकमेव वाक्य बोलले.

"हे तुळशीला नको. मागच्या पपईला घाला."

नगर येईपर्यंत मामा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. उतरताना फक्त म्हणाले, "अधू काय?"

पुढचे आठ दिवस कसे गेले विचारू नका. सकाळची एस.टी. दिसली की मी सगळ्यात लांबच्या ढिगामागं जाऊन बसायचो. बाया हसायच्या, "सायेब, त्यो ढीग कालच मोजला की!" मोजला असेल. परत मोजत होतो. एवढा थकवा मला उन्हानंसुद्धा कधी आला नव्हता.

नवव्या दिवशी मामांच्या नावानं पोस्टकार्ड आलं. मामा ते घेऊन थेट खडीवर आले. खाली सही अण्णांची, पण अक्षर गोल, वळणदार, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. मजकूर दोन ओळींचा: "मुलीस थोरले पसंत आहेत. धाकट्यांना लग्नास आणू नये."

मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. मग ढिगावरच बसकण मारली आणि सगळ्या बायांसमोर भरदिवसा रडलो. मामा म्हणाले, "पूस डोळं. आज रंग न्हाई, ह्ये बरं झालं."

लग्न झालं, साधंच, गावाकडं. कसलाही रंग नाही, वसंताला पेटीसकट शेवटच्या पंगतीत बसवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नगरला स्टुडिओत जोडीनं फोटो काढायला गेलो. फोटोवाला काळ्या कापडाखालनं डोकं काढून म्हणाला, "साहेब, टोपी काढा, चेहऱ्यावर सावली पडतेय."

आनंदात होतो, काढली टोपी!

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. काळा-पांढरा, त्यामुळं तर काही लपायची सोयच नाही. भुवयांच्या वर चकचकीत गोरं कपाळ, खाली डांबरासारखा मी, आणि मधे पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ. घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, हे असं काय हो? सुशीला चहा देता देता सांगते, "काही नाही, मी नको म्हटलं होतं तरी धाकटे आलेच."